न्हाणीची जागा

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, या नगरीच्या स्थापनेची जी आख्यायिका गोंड राजवटीपासून चालत आली आहे, तिचा उगम अंग धुण्यात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरील गाठींनी गांजला होता. शिकारीच्या भरात तहानेने व्याकूळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला, एका खळग्यातले पाणी प्याला, त्यानेच हातपाय-तोंड धुतले, आणि त्या रात्री गाढ झोप लागून सकाळी पाहतो तो व्याधी ओसरलेली. पुढे राणीसह त्या जागेचा शोध घेतला तेव्हा खडकात गाईच्या पावलांचे पाच ठसे व त्यांत न आटणारे पाणी आढळले, आणि तेथे अचलेश्वराचे देवालय उभे राहिले. याच कथेच्या उत्तरार्धात एक ससा राजाच्या कुत्र्याच्या पाठीस लागतो. त्या धावेच्या मार्गावर नगराचा कोट बांधावा, मात्र ससा जेथे मारला गेला ती जागा पुढेही धोक्याची राहील म्हणून तेथे विशेष बुरूज घालावा, असे राणीने बजावल्याचे सांगतात. कथा खरी असो वा नसो, पाण्याची जागा आणि धोक्याची जागा या दोन्ही पारखून मगच वस्ती करावी, हे शहाणपण त्या लोकांपाशी होते एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

तीच पारख घराच्या न्हाणीपर्यंत पोचली होती. वास्तुशास्त्राचे ग्रंथ स्नानगृह पूर्वेस आणि पाकशाला आग्नेयेस सांगतात, म्हणजे अग्नी व ऊन पाणी ही दोन्ही शेजारी येतात. पण ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरीकडच्या धानाच्या मुलखात, जेथे भिंत मातीची किंवा बांबूच्या कुडाची, आणि छप्पर कवेलूंचे वा गवताचे, तेथे दिशेपेक्षा उतार आधी पाहिला जाई. मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी रोज सांडपाणी मुरू लागले की वाळवी लागते, पाया भिजतो, आणि एखाद्या मुसळधार रात्री भिंत बसते. म्हणून न्हाणी परसात, घरापासून चार पावले दूर, जमीन बाहेर उतरते अशा बाजूला. तिचे पाणी केळी-अळूच्या वाफ्यात सोडलेले. आणि पाणी तापविण्याची चूल तणशीच्या ढिगापासून व धानाच्या ढोल्यांपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून मांडलेली. तणशीत एक ठिणगी उडाली तर वर्षाचा दाणा आणि गुरांची वैरण एकदमच जाई.

न्हाणीचे शुद्धाशुद्धतेशी असलेले नाते पुष्कळांनी वर्णिले आहे, परंतु माझ्या मते तिची जागा ठरविणारे खरे कारण हे असे भिंतीचे, आगीचे आणि सापाविंचवाचे होते. ओलाव्याला बेडूक येतात, बेडकांमागे साप येतो. म्हणून न्हाणीच्या कडेला लाकडे रचून ठेवू नयेत, असा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा दंडक असे. जंगलाला लागून असलेल्या गावी पहाटेच्या अंधारात बिबट्याचीही धास्ती, तेव्हा न्हाणी कुंपणाच्या आतच हवी.

आतली मांडणी अगदी साधी होती. मधोमध एक मोठा दगड, बाहेरच्या बाजूस किंचित कललेला, वर्षानुवर्षे टाचा घासून मध्ये खोल झालेला. त्याच्या शेजारी घंगाळ, आणि विसणाची बादली आधी भरून ठेवलेली. घंगाळात प्रथम गार पाणी व मगच कढत पाणी ओतायचे, हा क्रम लहान मुलांच्या जिवासाठी होता. दिवाळीच्या पहाटे, तेल-उटणे लावलेली मुले ओल्या दगडावर घसरत असताना, हा क्रम चुकू नये म्हणून एक बाई केवळ पाण्यावर लक्ष ठेवून बसे.

सरपणाची कथा मात्र सरकारदरबारी गुंतलेली आहे. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा इंग्रजी अमलाखाली आला, पुढे मध्यप्रांताच्या बंदोबस्तात मालगुजारी गावांचे रीतिरिवाज वाजिब-उल-अर्जात नोंदले गेले, आणि जंगलातून लाकूडफाटा आणण्याचा जो सहज व्यवहार होता त्याला निस्तार हे दप्तरी नाव मिळाले. कढत पाण्याची आंघोळ कोणाच्या वाट्याला किती, हे यापुढे जंगलखात्याच्या कायद्यावरही अवलंबून राहिले. सुखवस्तू घरांत तांब्याचा बंब आला, त्याचा विस्तव पोटातल्या नळीत बंदिस्त झाला, आणि न्हाणी घराच्या जवळ सरकण्याचे धैर्य प्रथम झाले. मात्र बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशाने कोंडून माणसे दगावतात, म्हणून भिंतीत वर झरोका ठेवणे भागच होते.

आता चंद्रपुरात न्हाणी बाथरूम होऊन घराच्या पोटात गेली आहे, आणि कोणी गच्चीवर गरम पाण्याचा मोठा टब बसवू पाहतो, तेव्हा जुनाच हिशेब नव्या अंकांत मांडावा लागतो. राहत्या खोलीची स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून आखतात. दोन मीटर लांब-रुंद टबात दीड हजार लिटर पाणी भरले तर, टबाचे व माणसांचे वजन सोडूनही, तो भार 375 किलोवर जातो. भक्कम, समतल जमीन, पाण्याला वाट, आणि विजेच्या तारेला खरे आर्थिंग, एवढे आधी पाहावे. झाकणाला कुलूप असावे, कारण मूल वाकून पाहतेच. परसातला तो जुना दगड बहुतेक ठिकाणी अजून जागचा हललेला नाही. पावसाळ्यात त्याच्या खळग्यात पाणी साचते आणि चिमण्या त्यात पंख भिजवतात.