दाढेचे जामीनदार

माझी खालची डावी दाढ हुरड्यातल्या एका खड्यानं नेली. आमच्या परभणी जिल्ह्यात ज्वारीला तोटा नाही. इथल्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या ज्वारीच्या एका वाणाचं तर नावच 'परभणी मोती'. मोत्यासारखे दाणे आमच्या शेतात पिकतात, तोंडातले मात्र टिकत नाहीत. बनी तो बनी, नहीं तो परभणी, दुसरं काय!

वर्षभर मी ती जागा तशीच ठेवली. जीभ रोज रात्री तिथं जाऊन यायची, मोकळा प्लॉट कुणी बळकावला तर नाही ना, हे बघायला. आणि खरंच बळकावला होता! मानवतमध्ये हल्लीच दवाखाना थाटलेल्या डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून सांगितलं, "काका, मागची दाढ खड्ड्यात कलंडलीय, वरची खाली उतरायला लागलीय. आणखी थांबलात तर सगळीच ओळ बिघडेल. ब्रिज बसवू या."

ब्रिज म्हणजे पूल. आमच्या गावाला पुलाचं कौतुक कमी. मानवत रोड स्टेशन गावापासून इतकं लांब की रेल्वेनंसुद्धा आमच्यापर्यंत यायचं टाळलं. म्हणून मी विचारलं, "खांब कुठं उभे करणार?"

"खांब तयारच आहेत. शेजारच्या दोन दाढा. त्या चहूबाजूंनी घासून बारीक करायच्या, वर टोप्या, आणि टोप्यांना जोडून मधली खोटी दाढ. तिला मूळ नसतं. तुम्ही चावलं की तिचा भार या दोघींच्या मुळांवर."

"आणि यातली एक किडली तर?"

"मग अख्खा ब्रिज काढावा लागतो."

वाचकहो, मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षं बँकेत कर्जाचे कागद तपासतोय. खोटी दाढ म्हणजे कर्जदार. स्वतःचं मूळ नाही, तारण नाही. शेजारच्या दोघी म्हणजे जामीनदार. त्यांचा काडीचा दोष नाही, पण झीज त्यांनी आधीच सोसायची. माझ्या हातापायातलं बळच गेलं, कारण आमच्या घरात जामीनदार होऊन गेलेत.

वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते. शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या मोटारीसाठी ते एका बँकेत जामीन राहिले. मोटार सुरू झाली, विहीर आटली आणि शेजारी पुण्याला गेला. पुढं किती तरी महिने हप्ते वडिलांनी भरले. त्याच सुमारास त्यांचे दात एकेक करून जात होते. कवळी करायची म्हणून बाजूला ठेवलेले पैसे हप्त्यांत गेले, ते गेलेच. शेवटपर्यंत ते भाकरी दुधात कुस्करून खात. शेजारी सणाला गावी आला की मात्र त्याला 'जेवून जा' म्हणायचे.

तेव्हा निर्णय घेण्याआधी या ब्रिजचं मागचं खातं तपासायचं ठरवलं. बँकेतल्या माणसाला दुसरं सुचतंय काय?

पहिली नोंद आपल्याच घरची निघाली. दक्षाच्या यज्ञात शंकराची निंदा चालली असताना पूषा नावाचा देव दात दाखवून हसला. वीरभद्रानं ते दातच पाडले. (विनोदी लिहिणाऱ्यांनी ही कथा अधूनमधून वाचावी.) पुढं शंकर शांत झाले तेव्हा भागवताप्रमाणे तोडगा निघाला, की पूषानं यजमानाच्या दातांनी खावं, नाहीतर पीठ खावं. दुसऱ्याच्या दातांवर जेवण, म्हणजे ब्रिजचंच तत्त्व! पण चरकसंहिता उघडावी तर तिथं अश्विनीकुमारांनी पूषाच्या दातांवर उपचार केल्याची नोंद. बरे झाले म्हणावेत तर हा देव पीठ का खातो? दोन खतावण्या जुळत नाहीत, आणि ऑडिटला पाठवणार कुणाला?

माणसांचा हिशेब जास्त चोख आहे. 1862 साली लेबनॉनमधल्या सिदोनच्या एका थडग्यात जबड्याचा तुकडा सापडला. त्यात सोन्याच्या तारेनं शेजाऱ्यांना बांधलेले दोन दात चक्क दुसऱ्याच माणसाचे होते. त्याच्या संमतीची सही कुठं सापडल्याचं ऐकिवात नाही. इटलीतले एट्रुस्कन लोक इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पातळ पट्ट्या चांगल्या दातांभोवती गुंडाळत आणि मध्ये खोटा दात रिव्हेटनं ठोकत. निदान त्यांचे जामीनदार घासले जात नव्हते, नुसते बांधले जात. रोमन तर माझ्या पंथाचे! इसवी सनापूर्वी 450 च्या आसपासच्या त्यांच्या बारा पाट्यांच्या कायद्यात प्रेताबरोबर सोनं पुरायला बंदी होती, पण दात बांधलेलं सोनं असेल तर सूट. मेलेल्याच्या तोंडात हात घालून वसुली करू नये, एवढी लाज त्या कायद्याला होती.

आपल्याकडे दंतवैद्यांचा कायदा 1948 च्या मार्चमध्ये झाला. तेव्हा मानवत निजामाच्या राज्यात होतं. आम्ही भारतात आलो त्याच सप्टेंबरमध्ये. आजोबांची दाढ गावच्या न्हाव्यानं काढली होती, आणि त्याला कोणताच कायदा लागत नव्हता.

जामिनाशिवायचीही सोय आहे. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्यांदा एका माणसाच्या जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू रोवून त्यावर दात उभे केले. स्वतःच्या पायावर उभा कर्जदार! डॉक्टरीणबाईंनी त्याचा आकडा सांगितला तेव्हा उजवीकडची दाढही ठणकली.

"अहो, मामंजींसारखी भाकरी कुस्करायची आहे का?" बायकोनं एवढंच विचारलं.

मग गेलो. इंजेक्शन दिलं, दोन्ही दाढा घासल्या, गुलाबी लगद्यात माप घेतलं. घासण्याचा आवाज कानात नाही, थेट डोक्यात येत होता. मनातल्या मनात मी दोघींची क्षमा मागितली. वर तात्पुरत्या टोप्या बसल्या, आणि बधिर ओठ घेऊन मी दुपारी काउंटरवर हजर झालो.

तिथं आमच्या शिपायाचा मुलगा उभा. पतसंस्थेचं कर्ज, बहिणीचं लग्न, आणि हातात फॉर्म. "साहेब, दुसरा जामीनदार म्हणून सही पाहिजे. पहिले बाबा हायेत."

वडिलांना स्मरून सांगतो, मला 'नाही' म्हणायचं होतं. पण निम्मं तोंड आपलं नव्हतं. 'नाही'चा 'ना' कसाबसा निघाला आणि पुढं नुसती लाळ आली. पोरगं म्हणालं, "ना काय साहेब, ना-हरकत ना?" आणि पेन पुढं केलं.

सही जरा तिरकी आली, पण चालली.