यंत्रांचे गट आणि मार्गपत्रिकांचा पुरावा

कारखान्यांत यंत्रें मांडण्याच्या दोन रीती आहेत. पहिलींत यंत्रें जातवार बसवितात: सर्व लेथ एका दालनांत, भोंकें पाडण्याचीं यंत्रें दुसऱ्यांत, घासण्याचीं तिसऱ्यांत, आणि नग मात्र दालनोदालनीं हिंडत राहतो. दुसरींत परस्परांशीं साम्य असलेल्या नगांचें एक कुल धरून, त्या कुलास लागणारीं निरनिराळ्या जातींचीं यंत्रें एके ठिकाणीं आणतात. कच्चा माल गटांत शिरतो व तयार नग त्याच गटांतून बाहेर पडतो. या गटास आज ‘सेल’ म्हणतात. ही दुसरी रीत प्रथम कोणीं काढिली, या प्रश्नास बहुधा लेनिनग्राडच्या सेर्गेई मित्रोफानोव्ह याचें नांव उत्तरादाखल देण्यांत येतें. तें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें.

पोर्टस्मथच्या आरमारी गोदींतील कप्प्यांचा कारखाना याहून दीडशें वर्षांनीं जुना आहे. जहाजावरील दोर व शिडें ओढण्यासाठीं इंग्रज आरमारास त्या काळीं वर्षास सुमारें १,००,००० कप्प्या लागत. कप्पीचें घर एल्म लाकडाचें, आंतील चाक लिग्नम व्हिटी या अत्यंत कठीण लाकडाचें. मार्क ब्रुनेल यानें १८०१ सालीं यंत्रांचें पेटंट घेतलें, आरमारी कामांचा मुख्य तपासनीस सॅम्युएल बेंथॅम यानें योजना उचलून धरिली व हेन्री मॉड्स्ले यानें यंत्रें घडविलीं. एकंदर यंत्रें ४५. परंतु तीं सारीं एका रांगेचीं नव्हतीं. मध्यम कप्प्यांचा संच जानेवारी १८०३ मध्यें, लहान कप्प्यांचा मे १८०३ मध्यें व मोठ्यांचा मार्च १८०५ मध्यें उभा राहिला. म्हणजे आकारमानावरून तीन कुलें पाडून प्रत्येकास स्वतंत्र संच दिला होता. १८०८ सालीं तेथें १,३०,००० कप्प्या निघाल्या. दहा माणसें एकशें दहा कारागिरांचें काम करूं लागलीं, हें वाक्य प्रत्येक लेखक उद्धृत करितो. तें श्रेय मांडणीपेक्षां मॉड्स्लेच्या करामतीस अधिक जातें, असें आमचें मत आहे.

तथापि पोर्टस्मथास कुल शोधावें लागलें नाहीं. माल एकच, व लहानमोठी कप्पी नजरेसच दिसते. खरी अडचण हजारों निरनिराळे नग करणाऱ्या कारखान्याची. अमेरिकेंत व्हर्मांट प्रांतीं स्प्रिंगफील्ड येथील जोन्स अँड लॅम्सन कंपनीच्या राल्फ फ्लँडर्स यानें १९२५ च्या सुमारास आपल्या निबंधांत, जातवार खातीं मोडून मालवार विभाग केल्याची हकीकत दिली. (हाच फ्लँडर्स पुढें सेनेटर झाला व १९५४ सालीं मॅकार्थीविरुद्ध निषेधाचा ठराव त्यानेंच आणिला.) मित्रोफानोव्हचा ग्रंथ १९५९ चा. त्याची खरी देणगी म्हणजे ‘संमिश्र नग’: कुलांतील सर्व नगांचीं अंगें ज्यांत एकवटलीं आहेत असा एक नग कल्पावयाचा व लेथ त्याच्याच मापानें सज्ज ठेवावयाचा, मग कोणताहि खरा नग थोड्या फेरफारानें निघतो. आखेनच्या हेर्वार्ट ओपिट्झ यानें नगाच्या घडणीवरून अंकांची सांकेतिक नांवें ठरविलीं.

या दोघांचा आधार नगाची आकृति. जॉन बर्बिज यानें १९६३ सालीं निराळा पुरावा हातीं घेतला, आणि आमच्या वाचकांस त्याचेंच कौतुक वाटावें. आकृति सारखी असली तरी नग एकाच यंत्रावर जातो असें नाहीं, हा त्याचा आक्षेप. प्रत्येक नगाबरोबर एक मार्गपत्रिका असते. तो कोणत्या यंत्रांवर कोणत्या क्रमानें जावा हें तींत लिहिलेलें असतें. बर्बिजनें या पत्रिका जुळवून वाचण्यास सांगितलें. पेशवे दफ्तरांतील रुमाल ज्यांनीं सोडले आहेत त्यांस हें काम परकें वाटणार नाहीं.

रीत सोपी आहे. एका बाजूस नग, दुसऱ्या बाजूस यंत्रें लिहून कोष्टक करावें. नग ज्या यंत्रावर जातो तेथें खूण. समजा, पहिला व तिसरा नग क आणि ग या यंत्रांवर, दुसरा व चौथा ख आणि घ यांवर जातो. मूळ क्रमानें खुणा विस्कळित दिसतात. ओळी व रकाने हलवून १, ३, २, ४ आणि क, ग, ख, घ असे लाविले कीं दोन स्वच्छ चौकोन उमटतात. ते दोन गट. जे. आर. किंग यानें १९८० सालीं या हलवाहलवीस नियम दिला: खूण म्हणजे १, रिकामें घर म्हणजे ०, अशी प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचावी व संख्यांच्या उतरत्या क्रमानें ओळी लावाव्या, तसेंच रकाने, क्रम बदलेनासा होईपर्यंत हें चालावें.

प्रत्यक्षांत चौकोन इतके स्वच्छ निघत नाहींत. एखादा नग दोन्ही गटांत पाय ठेवितो. तेव्हां त्याची कृति बदलावी, तो बाहेरून करवून घ्यावा, किंवा दुसरें यंत्र विकत घ्यावें.

बंद पडलेल्या कारखान्यांचीं दप्तरें ज्या संग्राहकांच्या हातीं येतात, ते नकाशे जपतात व पत्रिका रद्दींत घालतात. नकाशावरून नगाचा आकार कळेल, वाट कळणार नाहीं. पत्रिकांचा गठ्ठा मिळाल्यास त्याचा क्रम मोडूं नये, आणि पत्रिकेवरील खोडाखोडहि उतरून घ्यावी. कोणतें यंत्र सोडून कोणतें धरिलें याची ती नोंद असूं शकते.