प्रसिद्धिनियंत्रण व आंदोलनांचा इतिहास

वृत्तपत्रे व नभोवाणी शासनाच्या नियंत्रणाखाली असताना झालेल्या राजकीय आंदोलनांच्या इतिहाससाधनांची चिकित्सा. अशा काळातील वृत्तपत्रांचे मौन हा जनतेच्या संमतीचा पुरावा ठरत नाही. म्हणून संशोधकाला अन्य साधनांचा आधार घ्यावा लागतो. त्यांपैकी कित्येक साधने आंदोलन दडपणाऱ्या यंत्रणेनेच निर्माण केलेली असतात.

महाराष्ट्रात याची दोन ठळक उदाहरणे आढळतात. छोडो भारत आंदोलनात मुंबईतील गुप्त काँग्रेस रेडिओने आष्टी व चिमूर येथील अत्याचारांच्या वार्ता प्रसारित केल्या. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी हे केंद्र पकडले. पुढे उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली. ही प्रक्षेपणे आज अभ्यासता येतात, ती पोलिसांनी पाळत ठेवून टिपून घेतलेल्या मजकुरामुळे.

२५ जून १९७५ रोजी रात्री राष्ट्रीय आणीबाणी घोषित झाली आणि दुसऱ्या दिवशी वृत्तांवर पूर्व-अभ्यवेक्षण लादण्यात आले. लोकसंघर्ष समितीने १४ नोव्हेंबर १९७५ पासून केलेल्या सत्याग्रहाचे प्रतिबिंब तत्कालीन वृत्तपत्रांत फारसे उमटले नाही. ते भूमिगत पत्रकांत व अटकेच्या नोंदींत शोधावे लागते. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या नियतकालिकातील लेखांना अभ्यवेक्षकाने मनाई केली. त्याविरुद्धच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७६ रोजी मसानींच्या बाजूने निर्णय दिला. त्यामुळे निषिद्ध मजकूर व मनाईची कारणे न्यायालयीन अभिलेखात राहिली. शाह आयोगाच्या अहवालानुसार (१९७८) ‘मिसा’खाली ३४,९८८ व्यक्ती स्थानबद्ध, तर भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांखाली ७५,८१८ व्यक्तींना अटक झाली होती.

प्रत्येक साधनाचा दोष वेगळा असतो. पोलिसी नोंदीत ऐकण्याची चूक व आरोप सिद्ध करण्याची दृष्टी असते. भूमिगत पत्रकात अनुयायांचे धैर्य टिकविण्यासाठी केलेली अतिशयोक्ती असू शकते. आठवणी बहुधा उशिरा लिहिल्या जातात आणि त्यांत पुढील राजकारणाचे रंग मिसळतात. सोव्हिएट संघात १९६८ पासून गुप्तपणे प्रसृत झालेल्या घटनावृत्तपत्राच्या संपादकांनी वाचकांकडूनच दुरुस्त्या मागवून त्या छापल्या, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे. परस्परविरोधी हेतूंच्या दोन साधनांत एकच तपशील आढळल्यास तो अधिक विश्वसनीय ठरतो.

तथापि ज्यांना अटक झाली नाही व ज्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत, अशा सहभागींचा माग या साधनांत क्वचितच लागतो. निरोप पोहोचविणारे, आश्रय देणारे व पत्रके वाटणारे लोक बहुतांशी याच वर्गातील होत. त्यांच्या मौखिक आठवणी वेळीच नोंदविल्या नाहीत, तर इतिहासात केवळ नेते व पोलीस एवढेच उरतात.