चांगला शिक्षक ओळखावा कसा?

आठवीनंतर मुलाला नवीन शाळेत टाकायचं म्हटलं की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. ‘सर आपल्यातले आहेत का?’ आणि ‘गणित-विज्ञानाला कोण आहे?’ आम्ही शिक्षकही आहोत आणि पालकही. म्हणून सांगतो, एवढ्यावरून शिक्षक चांगला की नाही हे कळत नाही.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगाने त्याला आकांक्षित जिल्ह्यांत घेतलं. त्या कार्यक्रमात शिक्षण हा एक मुख्य विषय आहे. म्हणजे शिकवणं सुधारणं ही इथली खरी गरज.

शिकवल्याचा मुलावर किती परिणाम झाला, याला अध्यापन परिणामकारकता म्हणतात. ती मोजण्यासाठी संशोधक उम्मे कुलसुम यांची मापनी वापरतात. तिच्या पाच बाजू अशा: पाठाची तयारी, वर्ग सांभाळणं, विषयाचं ज्ञान, शिक्षकाचे गुण आणि माणसांशी संबंध. यात जात किंवा धर्म कुठे नाही.

मग सामाजिक पार्श्वभूमीचा काहीच संबंध नाही का? आहे, तो भाषेपुरता. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, आपली मुलं उर्दू. घरची भाषा जाणणारा शिक्षक मुलाला लवकर जवळचा वाटतो. पण तेवढ्याने भागत नाही. सुरुवातीला आम्ही मराठीचा धडा उर्दूतून समजावून द्यायचो. मुलं खूश, पण पेपरात चार ओळी मराठी लिहिता येईना. चूक आमचीच होती.

विषयाचंही तसंच. गणितात उत्तर बरोबर की चूक लगेच दिसतं. भाषा, इतिहास यांचा परिणाम सावकाश दिसतो. म्हणून नुसत्या निकालावरून दोन विषयांच्या शिक्षकांची तुलना करू नये. आणि मराठीला कमी लेखू नका. पोलीस भरती, तलाठी परीक्षेत मराठीचे प्रश्न असतातच.

पालकांनी हे बघावं:
• वहीतल्या चुका दाखवून पुन्हा लिहून घेतल्या का?
• मागच्या बाकावरच्या मुलालाही प्रश्न विचारतात का?
• उत्तर चुकलं तर रागावतात की समजावतात?
• मुलगा घरी येऊन धडा आपल्या शब्दांत सांगू शकतो का?

पालकसभेला अम्मी-अब्बू दोघांनी जावं आणि हेच विचारावं. इल्म देणारा कुठल्याही समाजाचा असो, तो आपल्या मुलांचा उस्तादच आहे.