वैशाखवणवा : एका भाकिताचा इतिहास

वैशाखांतल्या कडक उन्हाला आपल्या भाषेनें 'वैशाखवणवा' हें नांव फार पूर्वींच देऊन ठेविलें आहे. आकाशांतील ऊन आणि अरण्यांतील आग यांना एका शब्दांत बांधणारांचें निरीक्षण अचूक होतें. परंतु शास्त्राला आणि सरकारी दप्तराला या दोहोंची सांगड घालावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तें कसें घडलें, हें यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्तानें आज पाहूं.

एका अंगास वर्धा व दुसऱ्या अंगास पैनगंगा, मध्यें सागवानी डोंगर व कापसाचीं काळीं शेतें, असा हा मुलूख. वऱ्हाडांतील या भागास पूर्वीं वणी जिल्हा म्हणत; १९०५ मध्यें त्याला यवतमाळ हें नांव मिळालें. येथें मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारीं नेमका डोक्यावर येतो. आकाश निरभ्र, जमीन कोरडी, आणि वायव्येकडून येणारा वारा राजस्थानाकडची तापलेली हवा घेऊन येतो. त्यांतच वरच्या थरांत हवेचा उच्च दाब ठाण मांडून बसला, कीं वरची हवा खालीं दबते, दबतां दबतां अधिकच तापते आणि ढग बनूं देत नाहीं. हा दाब हलेपर्यंत उष्णतेची लाट ओसरत नाहीं. म्हणून ती कधीं दोन दिवस टिकते, कधीं पंधरवडा.

आमच्या पूर्वजांना हें तापणें ठाऊक नव्हतें असें नाहीं. सूर्य रोहिणी नक्षत्रांत शिरल्यापासूनच्या नऊ दिवसांस विदर्भांत 'नवतपा' म्हणतात, आणि नवतपा चांगला तापला तर पाऊसही चांगला, अशी समजूत आहे. म्हणजे उन्हाकडे लोक पाहात ते पावसाची खूण म्हणून. गंमत अशी कीं, सरकारी शास्त्राची दृष्टीही प्रारंभीं याहून निराळी नव्हती. १८६४ चें कलकत्त्याचें चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ यांनीं सरकारचे डोळे उघडले, आणि १८७५ मध्यें हिंदी हवामान खात्याची स्थापना झाली. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅन्फर्ड यांनीं हिमालयावरील बर्फ आणि पुढील पावसाळा यांचा संबंध जोडला, व १८८६ च्या जून महिन्यांत पहिलें दीर्घ मुदतीचें पर्जन्यभाकीत प्रसिद्ध झालें. १९०४ पासून सर गिल्बर्ट वॉकर यांनीं तोच धागा पॅसिफिक महासागरापर्यंत नेला. शेतसारा आणि दुष्काळ हे दोन्ही पावसावर अवलंबून. तेव्हां राज्यकर्त्यांना पावसाची चिंता वाटावी हें स्वाभाविकच होतें. उन्हानें मजूर मेला तर त्याची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची, हें मात्र कोणी ठरविलें नव्हतें.

आगीची कथा निराळ्याच दप्तरांत चालली होती. १८६० नंतरच्या दशकांत मध्य प्रांतांतील बोरीच्या जंगलांत कर्नल पिअर्सन यांनीं वणव्यापासून संरक्षणाचा प्रयोग केला; पहिले वनमहानिरीक्षक डीट्रिच ब्रँडिस यांनीं त्या धोरणाचा पुरस्कार केला. जाळरेषा आंखल्या गेल्या, आग-रखवालदार नेमले गेले, आणि १८७८ च्या व पुढें १९२७ च्या वन-कायद्यानें राखीव जंगलांत आग लावणें हा गुन्हा ठरला. परंतु आग कां लागते, याचें उत्तर कायद्यांत नव्हतें. मोहाचीं फुलें वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपें पेटवितात. पेरणीपूर्वीं शेतकरी धुरे आणि पऱ्हाट्या जाळतो, आणि एखादी ठिणगी सागाच्या वाळल्या पानांत जाऊन पडते. आपल्याकडील बहुतेक सर्व वणवे मनुष्याच्या हातून लागतात. तेव्हां एक खातें गुन्हेगार शोधीत राहिलें आणि दुसरें ढग शोधीत राहिलें. आज रान किती वाळलें आहे, हा प्रश्न दोघांच्याही मधून निसटला.

तो प्रश्न पद्धतशीर मांडला कॅनडांतील वनशास्त्रज्ञांनीं. १९७० च्या सुमारास त्यांनीं दुपारचें तपमान, हवेंतील दमटपणा, वाऱ्याचा वेग आणि चोवीस तासांतील पाऊस या चार आंकड्यांवरून आगीच्या धोक्याचा निर्देशांक बसविला. त्यांतील मर्म असें, कीं पानाचा ओलावा एका दिवसांत जात नाहीं. प्रत्येक कोरडा दिवस कालच्या हिशेबांत मिळवीत जावें लागतें. म्हणजे लांबलेली उष्णतेची लाट ही केवळ अनेक उष्ण दिवसांची बेरीज नव्हे. तिच्या दहाव्या दिवशीं पडलेली ठिणगी पहिल्या दिवशींच्या ठिणगीहून पुष्कळ भयंकर असते. २००४ पासून आपल्या वन सर्वेक्षण संस्थेनें उपग्रहावरून वणव्यांच्या सूचना देण्यास आरंभ केला, आणि २०१६ पासून हवामान खातें उन्हाळ्याचें हंगामी भाकीतही प्रसिद्ध करूं लागलें. 'वैशाखवणवा' या शब्दाचे दोन्ही भाग अशा रीतीनें शास्त्रांत पुन्हां एकत्र आले.

परंतु येथें एक अडचण ध्यानांत घेण्यासारखी आहे. सपाट प्रदेशांत तपमान निदान ४० अंश असून तें नेहमींपेक्षां साडेचार अंशांनीं चढलें, किंवा प्रत्यक्ष ४५ अंशांवर गेलें, म्हणजे खातें उष्णतेची लाट मानतें. ज्या जिल्ह्यांत मे महिन्यांत ४१-४२ अंश ही नित्याचीच गोष्ट, तेथें पारा ४४ वर पंधरा दिवस अडून बसला तरी त्यास लाट हें नांव मिळेलच असें नाहीं. नांव नाहीं म्हणून लाल-केशरी इशारा नाहीं. पण तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या अंगाला हा भेद कळत नाहीं, आणि रानांतल्या पाचोळ्यालाही कळत नाहीं.

२०१० च्या मे महिन्यांतील भीषण उष्म्यानंतर अहमदाबादेनें २०१३ मध्यें उष्मा-कृतियोजना आंखली. तिचा धडा साधा होता: भाकीत वेधशाळेत पुरें होत नाहीं, तें पाणपोईवर, दवाखान्यांत आणि कामाच्या बदललेल्या वेळेंत पुरें होतें. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत त्यास आणखी एक कलम जोडावें लागेल. ज्या आठवड्यांत निर्देशांक चढा, त्या आठवड्यांत धुरा पेटवूं नये, हें शेतकऱ्याला आधीं आणि त्याच्या भाषेंत सांगितलें पाहिजे. दंडाची भीति नंतर. कोलाम, गोंड व आंध लोकांना रान केव्हां पेटेल हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांना आरोपी न मानतां पहारेकरी मानलें, तर उपग्रहाच्या नजरेला गांवाचे हात मिळतील.

श्रोतेहो, आपण शहरांत वाळ्याच्या पडद्याआड किंवा कूलरसमोर बसून उद्यांचें तपमान ऐकतों, आणि पन्हें पितां पितां विसरूनही जातों. तो आंकडा ज्यांच्यासाठीं खरोखर महत्त्वाचा, ते त्या वेळीं बहुधा उन्हांत असतात. पावसाच्या भाकितासाठीं आपण दीडशें वर्षें खर्चिलीं, तीं धान्यासाठीं. उन्हाच्या भाकिताची किंमत माणसांत मोजावयाची आहे, एवढें ध्यानांत ठेविलें तरी हा इतिहास सांगितल्याचें सार्थक होईल.