रास्त भाड्याची लढाई

‘रास्त’ हा शब्द मराठीला फारसीनं दिला. सरळ, खरं, योग्य असे त्याचे अर्थ. रेशनच्या रास्त भाव दुकानामुळे तो आपल्या घरोघरी पोचला. पण रास्त म्हणजे नक्की किती आणि ते ठरवायचं कोणी, या प्रश्नावर चाळीसेक वर्षांपूर्वी लंडन शहर चक्क न्यायालयात गेलं होतं. आपल्या लोकलच्या प्रवाशांना ती हकिगत ठाऊक असावी, असं मला वाटतं.

मे १९८१ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलची, म्हणजे तिथल्या महानगर परिषदेची निवडणूक मजूर पक्षानं जिंकली. केन लिव्हिंगस्टन नेते झाले. बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं कमी करू, असं पक्षाचं वचन होतं. ४ ऑक्टोबर १९८१ पासून भाडं सरासरी जवळजवळ एक तृतीयांशानं उतरलं. त्याच वेळी भुयारी रेल्वेसाठी शहराच्या मध्यभागी भाड्याचे दोन झोन आखले गेले, सिटी आणि वेस्ट एंड. एका झोनमध्ये कुठूनही कुठंही जा, २० पेन्स. दोन्हींत मिळून ३०. योजनेचं नाव होतं ‘फेअर्स फेअर’. मी त्याला ‘रास्त भाडं’ म्हणेन.

तूट भरून काढण्यासाठी मालमत्तेवर जादा कर बसवण्यात आला आणि ब्रॉम्ली या दक्षिणेकडच्या उपनगराच्या कौन्सिलनं हरकत घेतली. ब्रॉम्लीत भुयारी रेल्वेचं एकही स्टेशन नव्हतं, आजही नाही. तिथले लोक ब्रिटिश रेल्वेच्या गाड्यांनी कामावर जात आणि त्या गाड्या या योजनेत नव्हत्या. मग आम्ही कर का भरायचा? त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. मी शब्दांत रमणारा माणूस. मला नवल वाटतं ते याचं, की एवढा मोठा वाद बराचसा एका शब्दाभोवती फिरला. लंडनची वाहतूक एकसंध, कार्यक्षम आणि ‘इकॉनॉमिक’ असावी, असं १९६९ च्या कायद्यात म्हटलं होतं. आता इकॉनॉमिक म्हणजे प्रवाशाला परवडणारी, की धंद्याच्या हिशेबानं चालणारी? १७ डिसेंबर १९८१ रोजी पाचही न्यायमूर्तींनी योजना बेकायदा ठरवली. करदात्यांवर असा भार टाकता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मार्च १९८२ मध्ये भाडं जवळजवळ दुप्पट झालं.

लोक चिडले. ‘परवडत नाही, देणार नाही’ अशी मोहीम निघाली आणि काही प्रवाशांनी वाढीव भाडं द्यायचं नाकारलं. कौन्सिलनं मात्र आणखी एक काम केलं. तोच कायदा पुन्हा वाचला, नवा हिशेब मांडला आणि ही योजना कायद्यात बसते, हे आधी न्यायालयाकडून वदवून घेतलं. मे १९८३ मध्ये भाडं सुमारे २५ टक्क्यांनी उतरलं. सोबत ट्रॅव्हलकार्ड आलं. बस आणि भुयारी रेल्वेला मिळून एकच पास, झोनप्रमाणे.

ब्रॉम्लीच्या प्रश्नालाही उत्तर मिळालं, पण उशिरा. जानेवारी १९८५ मध्ये कॅपिटलकार्ड नावाचा पास निघाला आणि त्यावर ब्रिटिश रेल्वेही चालू लागली. तोवर वाहतूक सरकारनं आपल्याकडे घेतली होती आणि १९८६ मध्ये ती महानगर परिषदच बरखास्त झाली. झोन मात्र राहिले. त्यांच्या रेषाही हलू शकतात. पूर्व लंडनमधलं स्ट्रॅटफर्ड स्टेशन तिसऱ्या झोनमध्ये होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते दुसऱ्या आणि तिसऱ्या झोनच्या सीमेवर आणलं गेलं आणि तिथून शहरात जाणाऱ्यांचं भाडं कमी झालं.

मुंबईच्या लोकलला झोन नाहीत. भाडं अंतरावर ठरतं. पण हिशेब कोणता धरायचा, हा प्रश्न इथंही आहेच. जून २०१४ मध्ये मासिक पास साधारण १५ फेऱ्यांऐवजी ३० फेऱ्यांच्या भाड्यावर आकारायचं ठरलं. उपनगरांत संताप उसळला, खासदार रेल्वेमंत्र्यांना भेटले आणि काही दिवसांतच तो हिशेब मागे घ्यावा लागला. पंधरा काय किंवा तीस काय, आकडा शेवटी माणसंच लिहितात. तो कशावरून काढला, हे विचारण्याचा हक्क पास काढणाऱ्याला आहे.