उरलेल्या जागेचा पोशाख

माझी एक जुनी विद्यार्थिनी एका विमान कंपनीत ग्राउंड स्टाफमध्ये आहे. नोकरीत जम बसल्यावर तिने आईवडिलांना विमानाने दिल्ली दाखवायचे ठरवले. वडील धाटावच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. रोह्याच्या बाजारात लेंगा, सदरा आणि चपला हाच त्यांचा वेष. निघण्याआधी मुलीने त्यांना कपड्यांची यादीच दिली: पँट, आत खोचलेला कॉलरचा शर्ट, बंद बूट. आईला साडी चालेल, पण सपाता नकोत. वडील म्हणाले, "मी काय तिकडे नोकरीला चाललोय?" यावर आपण काय उत्तर दिले ते तिने मला सांगितले. "सर, मी म्हटलं, बाबा, तिकीट माझ्या नोकरीचं आहे, तेव्हा कपडेही माझ्या नोकरीचेच घालावे लागतील."

दोन विमाने भरून गेली, तिसऱ्यात त्यांना जागा मिळाली. नव्या बुटांनी वडिलांच्या टाचा सोलल्या. कुणी त्यांचा अपमान केला नाही, कुणी अडवलेही नाही. तरीही मुलीचे ते वाक्य माझ्या मनात राहिले, कारण त्यात पोशाख आणि चाकरी यांचे एक जुने नाते दडलेले आहे.

ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण. विमान कंपन्या आपल्या नोकरांना आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबीयांना नाममात्र दरात प्रवास करू देतात; मात्र पैसे भरणारे सारे प्रवासी बसल्यावर जागा उरली तरच. अशा प्रवाशाला 'स्टँडबाय' म्हणतात. काउंटर बंद होताना यादीतली नावे ठरलेल्या अग्रक्रमाने पुकारली जातात. या सवलतीबरोबर एक अलिखित आणि बराचसा लिखित शिष्टाचार येतो: विशिष्ट आसनासाठी हट्ट धरू नये, शेजाऱ्याला आपल्या तिकिटाचा दर सांगू नये, तक्रारीचा सूर लावू नये, आणि कपडे नीटनेटके असावेत. एके काळी कित्येक कंपन्यांत, विशेषतः पहिल्या वर्गात, पुरुषाला कोट-टाय सक्तीचा असे. आता नियम सैल झाले आहेत, पण संपलेले नाहीत.

मराठीत अधिकारपद आणि कपडे यांसाठी एकच शब्द वापरला गेला आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना १७१३ मध्ये शाहू महाराजांकडून पेशवेपद मिळाले. त्यांना 'पेशवाईची वस्त्रे' मिळाली असे आपण आजही म्हणतो. वस्त्रे देणारा धनी आणि घेणारा सेवक हे नाते त्या कापडातच विणलेले असे. एअर इंडियाने १९६० च्या दशकात हवाई सुंदरींचा पाश्चात्त्य गणवेश बदलून त्यांना साडी दिली, तेव्हा तीही एका अर्थाने वस्त्रेच होती. जे. आर. डी. टाटा विमानातून जाताना पडद्यांपासून चहाच्या रंगापर्यंत सारे बारकाईने पाहत आणि त्याची टिपणे अधिकाऱ्यांना पाठवत. घराचा धनी पंगतीत फिरून कुठे काय कमी पडले ते पाहतो, तशीच ही नजर.

पंगतीची उपमा मी मुद्दाम वापरली. आपल्याकडे घरची माणसे शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणे जेवल्यावर उरेल ते घरच्यांनी आनंदाने खायचे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कंपन्याही नोकरांना हेच सांगतात: तुम्ही घरचे आहात, म्हणून आधी पाहुणे. हा युक्तिवाद मला पटतो. ज्याने पूर्ण पैसे मोजले त्याने आधी बसावे, यात अन्याय नाही.

पण आपल्याकडे शेवटी जेवणारा आणखी एक जण असे. वार लावून जेवणारा गरीब विद्यार्थी. रोज एका घरी त्याचे पान मांडले जाई. वाढतील ते खावे, मागू नये, पडेल ते काम करावे, यजमानांच्या घरच्या सोवळ्याओवळ्याला सांभाळून राहावे, हा त्याचा शिष्टाचार. घरचा मुलगा आणि वाराचा मुलगा एकाच पंगतीला बसले तरी दोघांचे बसणे एक नसे. घरच्याला तिथे हक्क होता, वाराच्याला उपकार. स्टँडबायवर जाणारा नोकर या दोघांपैकी कोण, हा माझा खरा प्रश्न आहे.

उत्तरासाठी रेल्वेकडे पाहावे. मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते, त्यामुळे पासावर फिरणारी कुटुंबे आम्हाला नवी नाहीत. रेल्वे नोकराचा पास १९८६ च्या पास नियमांनी बांधलेला आहे; त्यावर आरक्षणही होते. तिकीट तपासनीस पास पाहतो, ओळखपत्र पाहतो. पासधारकाच्या बायकोने काय नेसले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तिथे प्रवास हा नोकरीच्या शर्तींचा भाग मानला गेला. विमानात तो मेहेरबानी मानला गेला, आणि मेहेरबानीला आभार लागतात. ते आभार अंगावर दिसावेत अशी अपेक्षा असते.

शर्त आणि मेहेरबानी यांतला फरक न्यायालयातही दिसतो. १९८१ च्या नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणात नोकरीवरून काढण्याचा एअर इंडियाचा नियम मनमानी ठरवून रद्द केला. चार वर्षांच्या आत लग्न न करण्याचा नियम मात्र उचलून धरला. निकाल अर्धामुर्धा होता, पण नोकरीच्या शर्तीला निदान न्यायालयात जाब विचारता आला. मेहेरबानीच्या अटीला जाब विचारायला गेले, तर 'मग घेऊ नका' एवढेच उत्तर मिळते.

२६ मार्च २०१७ रोजी अमेरिकेत डेन्व्हरच्या विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सने दोन मुलींना लेगिंग घातल्याबद्दल विमानात चढू दिले नाही. त्या नोकरांच्या पासावर प्रवास करत होत्या. गदारोळ झाल्यावर कंपनीने खुलासा केला की पैसे भरणाऱ्या प्रवाशांच्या लेगिंगला आमची काहीच हरकत नाही. या खुलाशानेच नियमाचा पाया उघडा पडला. एकच वस्त्र एकीच्या अंगावर सभ्य आणि दुसरीच्या अंगावर असभ्य, तर मग प्रश्न सभ्यतेचा उरतच नाही. तो भाड्याचा होतो. आमचा लेंगा आणि त्यांची लेगिंग एकाच तराजूत तोलली गेली.

इथे एक बाजू विसरून चालणार नाही. १९०१ च्या सुमारास भीमराव आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची मुले वडिलांकडे जायला निघाली, तेव्हा त्यांच्या अंगावर नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या होत्या. मसूर स्थानकावरचा स्टेशनमास्तर ते कपडे पाहून आपुलकीने विचारपूस करू लागला आणि जात कळताच मागे सरला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. तिकीट होते, पोशाख होता, तरी गाडीवान मिळेना. त्याच बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत स्त्रियांना वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसा, जात दाखवणारे जड दागिने टाका असे सांगितले. महाड रोह्याला परके नाही. नीटनेटका पोशाख हा अनेकांनी झगडून मिळवलेला हक्क आहे, हे आम्ही इथल्या लोकांनी तरी विसरू नये. बूट आणि खोचलेला शर्ट म्हणजे सर्वांनाच जाच, असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. महाडला पोशाख बदलायचा होता तो नेसणारीच्या मानासाठी. विमानतळावर तो बदलायचा असतो देणाऱ्याच्या मानासाठी. कापड तेच असले तरी हा फरक लहान नाही.

म्हणून मला वाटते, शेवटच्या पंगतीला बसण्याचा नियम राहावा. तो रास्त आहे. गणवेशात असलेल्या नोकराने गणवेशाची अदब राखावी, हेही रास्त. पण सवलतीचे तिकीट हा तिच्या पगाराचाच एक भाग आहे; रात्रपाळ्या करून तिने तो कमावला आहे. वडिलांनी कोणत्याही करारावर सही केलेली नाही. इतर प्रवाशांच्या अंगावर जे चालते ते त्यांच्याही अंगावर चालले पाहिजे.

परतीच्या प्रवासातही त्यांनी तेच बूट घातले होते. मुलीच्या नोकरीला बोल लागू नये म्हणून, असे ते म्हणाले.